पायांकडे लक्ष असू द्या



आपल्यापैकी कित्येकांना आता शुगरची गोळी चालू आहे. म्हणून गुरुवारी राहात्याहून शिर्डीला अनवाणी चालत जाणाऱ्यांना विनंती : चप्पल घाला. तळपायांची आग, मुंग्या यांचा त्रास होतो. पण बधिरपणा जास्त घातक. धोक्याची घंटा वाजवणारी तारच तुटली, की तापलेल्या डांबरावर आलेला फोड कळत नाही आणि चिघळतो.

प्रीगॅबालिनसारखी औषधं वेदना कमी करतात, गेलेली संवेदना परत आणत नाहीत. त्यासाठी साखर आधीपासून आटोक्यात हवी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेत असाल, तर बी-१२ तपासा. ती कमतरता भरून काढता येते. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. रोज रात्री आरसा धरून तळवे बघा.

पुढच्या मेळाव्याला सगळे आपापल्या पायांनी चालत या.