मूत्रातील प्रथिनांची साक्ष

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट हे डॉक्टर रोग्याचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवीत. अंड्यातील पांढऱ्या बलकाप्रमाणे ते साकळले, की त्यात प्रथिन आहे हे उघड होई. अंगावरील सूज, मूत्रातील प्रथिन आणि शवविच्छेदनात आढळणारी विकृत मूत्रपिंडे या तिहींचा संबंध त्यांनी १८२७ साली दाखवून दिला. ल्युपसच्या रोग्याला ही साक्ष आजही मोलाची वाटते.

ल्युपसमध्ये शरीराचे रक्षण करणारी प्रतिपिंडे शरीरावरच उलटतात. दहा रोग्यांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयातल्या. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रतिपिंडे तेथे अडकली, की दाह सुरू होतो. आणि हा दाह बहुधा दुखत नाही, हेच त्याचे कपट. लघवीला फेस येतो, पाऊल सुजते. पुष्कळदा तेवढेही होत नाही.

निरोगी माणसाच्या मूत्रातून चोवीस तासांत १५० मिलिग्रॅमहून कमी प्रथिन जाते. ल्युपसच्या रोग्यात ते ५०० च्या वर गेले, की सुईने मूत्रपिंडाचा कण काढून तपासण्याचा, म्हणजे बायॉप्सीचा, विचार होतो. दिवसभराचे मूत्र साठविणे जिकिरीचे. म्हणून एकाच नमुन्यातील प्रथिनाची क्रिएटिनिनशी तुलना करतात. क्रिएटिनिन स्नायूंतून जवळजवळ एकाच गतीने निघत असल्याने, पाणी कमीजास्त प्यायल्याचा घोटाळा त्यामुळे टळतो. उपचारानंतर प्रथिन तीन महिन्यांत निदान पावपट, सहा महिन्यांत निम्म्याने आणि वर्षअखेर ५०० ते ७०० च्या खाली उतरावे, अशी अपेक्षा असते.

पण खरी अडचण पुढेच आहे. गाळणी पेटलेली असली तरी गळते, आणि विझून तिच्यावर व्रण राहिला तरी गळते. आकडा दोहोंतला भेद सांगत नाही. उलट, प्रथिन थांबलेल्या काही रोग्यांच्या बायॉप्सीत दाह धुमसताना आढळला आहे. औषध वाढवावे की उतरवावे? सायक्लोफॉस्फमाइडसारखे औषध स्त्रीची अपत्यक्षमता हिरावू शकते. औषध अकाली थांबविले, तर मूत्रपिंड जाते. पंचविशीतल्या मुलीच्या बाबतीत ही निवड केवळ कागदावरची नव्हे.

म्हणून संशोधक आता गळतीऐवजी दाहाचीच खूण शोधीत आहेत. दाहाच्या जागी भक्षक पेशी जमतात. त्यांच्या पृष्ठभागावरून सुटणारे सीडी१६३ हे प्रथिन मूत्रात उतरते. अशा पेशींना बोलावून आणणारे एमसीपी-१ हेही तेथेच सापडते. बायॉप्सीची जागा मात्र त्यांनी अद्याप घेतलेली नाही. तोवर त्या मुलीची छोटी बाटली ठरल्या वेळी प्रयोगशाळेत जातच राहते, आणि तिच्या अहवालाशेजारी डॉक्टर रक्तदाबाचा आकडाही टिपून ठेवतात.