घाट उतरणारी मालमोटार



घाट चढणाऱ्या मालमोटारीच्या इंजिनाचे आपण कौतुक करतो. उतरताना मात्र इंजिनाचे काम संपले, आता सारा भार ब्रेकवर, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत घातक आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पुण्याहून न्हावाशेवा बंदराकडे निघालेली मालमोटार बोरघाटात खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत सुमारे ५०० मीटर खाली येते. मालासकट तिचे वजन २५ टन धरा. या उतरणीत जी उष्णता निर्माण होऊ शकते, तिने ४०० लिटर पाणी उकळू लागेल! ती सारी चाकांच्या ब्रेकांनी सोसावयाची म्हटले, तर लायनर तापून त्यांची पकड सुटते. ड्रायव्हर पाय दाबतो आणि गाडी थांबत नाही.

इंजिन येथे कसे उपयोगी पडते? गाडी गियरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की डिझेल बंद होते. पण चाके इंजिनाला फिरवीतच राहतात. उतारावर बैल मागे रेटून गाडी अडवितात, तसे इंजिन गाडीला अडविते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर धूर जाण्याच्या नळीतील झडप मिटते आणि कोंडलेल्या हवेशी पिस्टनला झगडावे लागते.

अमेरिकेतील क्लेसी कमिन्स १९३१ साली कॅलिफोर्नियातील कहोन घाट उतरताना ब्रेक निकामी होऊन जेमतेम वाचला. पुढे त्याने युक्ती काढली: सिलिंडरात हवा पुरती दाबली गेली, की झडप उघडून ती सोडून द्यावी, मग पिस्टनला परत ढकलावयास ती उरतच नाही. १९६१ पासून असे ब्रेक बाजारात आले.

गियर जितका खालचा, तितका हा अडसर मोठा. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा, की ज्या गियरने घाट चढाल, त्याहून वरच्या गियरने उतरू नका. आणि तो गियर उतार लागण्यापूर्वीच टाका. डिझेल वाचविण्यासाठी काहीजण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. आजच्या इंजिनात गियरमध्ये उतरताना डिझेल खर्चच होत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते लागतेच. म्हणजे बचत नाहीच, वर प्राणाशी गाठ.

खालच्या गियरने उतरावयास वेळ लागतो. तो वेळ माल मागविणाऱ्या व्यापाऱ्याने द्यावा, गाडीच्या मालकाने द्यावा आणि मागून भोंगा वाजविणाऱ्या आपणही द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.