ताटलीवरचा नाच

परवा आम्ही संगणकावर एक ताटली रंगवली. ती कशी, ते सांगतो.

पडद्यावर मोठे वर्तुळ काढले. त्यात गेरूचा रंग भरला. त्यावर एक नवा थर घेतला. थर म्हणजे जणू काचेचे तावदान. त्यावरचे चुकले तर तेवढेच पुसावे, खालच्या गेरूला धक्का नाही.

मग पांढरी रेघ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले, की झाले वारली माणसाचे अंग. वर डोक्याचा गोल. मधोमध भोपळ्याचा तारपा वाजवणारा. भोवती हात गुंफून नाचणारे.

इथेच आम्ही फसलो. एकच माणूस काढला, त्याच्या अकरा नकला केल्या, प्रत्येक नक्कल ३० अंश पुढे फिरवून बसवली. पाच मिनिटांत काम! पण नाच काही दिसेना. घड्याळाच्या आकड्यांसारखे सगळे ताठ. शेवटी तो थर पुसला, अन् एकेक माणूस हाताने काढला. कुणाचा पाय उचललेला, कुणी वाकलेला. तासभर गेला, जाऊ द्या.

ताटलीखाली 'वारली चित्र' लिहा, असे एकजण म्हणाले. आम्ही नाही लिहिले. २०१४ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव डहाणूकडच्या वारल्यांचे. आम्ही लिहिले, 'वारली चित्रे पाहून काढले.'