टपालाचे पाकीट : इतिहासाचे एक साधन
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



टपाल-तिकिटांच्या संग्रहाचा विषय निघाला की पुष्कळांच्या मुखावर स्मित उमटते. सुखवस्तू घरांतील मुलांचा हा फावल्या वेळचा छंद, अशी समजूत रूढ आहे. त्या छंदाची थोरवी गाण्यासाठी मी आज उभा नाही. ज्या एका सवयीमुळे या छंदातील शैक्षणिक सत्त्वच नाहीसे होते, तिच्याकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ती सवय म्हणजे पाकिटावरील तिकीट कापून घेणे आणि पाकीट टाकून देणे.

तिचे गांभीर्य एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९११ साली अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे, संयुक्त प्रांतांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथून १८ फेब्रुवारी रोजी आँरी पेके नावाच्या तेवीस वर्षांच्या फ्रेंच वैमानिकाने सहा हजारांहून अधिक पत्रे घेऊन उड्डाण केले आणि यमुना ओलांडून सुमारे १३ मिनिटांत तो नैनी येथे उतरला. अंतर जेमतेम दहा किलोमीटरांचे. परंतु जगातील पहिले अधिकृत विमान-टपाल म्हणून हेच उड्डाण ओळखले जाते. प्रत्येक पत्रामागे सहा आणे जादा आकार घेतला होता आणि ती रक्कम तेथील एका विद्यार्थी-वसतिगृहास देण्यात आली.

आता मुख्य मुद्दा पाहा. या पत्रांसाठी निराळे तिकीट छापलेले नव्हते. सातव्या एडवर्ड राजाचे चित्र असलेली नेहमीचीच तिकिटे त्यांवर लावलेली होती. निराळा होता तो केवळ शिक्का : विमानाची आकृती, 'पहिले हवाई टपाल' या अर्थाचे इंग्रजी शब्द आणि किरमिजी शाई. असे पाकीट एखाद्या मुलाच्या हाती लागले आणि त्याने तिकिटाभोवती कात्री फिरविली, तर उरेल काय? एक अतिसामान्य तिकीट आणि त्यावर शिक्क्याचा तुटका अंश. पत्र कोठून निघाले, कोणास गेले, कोणत्या मार्गाने गेले, याचा सारा पुरावा केरात जाईल.

पुढे ३० मार्च १९२९ रोजी लंडन ते कराची ही हवाई टपालसेवा सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात खास हवाई टपालासाठी भारताची सहा तिकिटे निघाली. दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतची ही तिकिटे आपल्या नाशिकच्या मुद्रणालयात छापली गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी छोट्या पस मॉथ विमानातून कराचीचे टपाल अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले. ३० जानेवारी १९४९ पासून तर आपले नागपूर रात्रीच्या टपालाचे केंद्र झाले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे जमत, पोत्यांची अदलाबदल करीत आणि आपापल्या गावी परतत. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा हंशील न घेता विमानाने जाऊ लागली. तेव्हापासून पत्र विमानाने आले की रेल्वेने, हे तिकीट सांगत नाही. निघाल्याचा शिक्का व पोचल्याचा शिक्का यांतील दिवस मोजले, तरच त्याचा अंदाज करता येतो.

म्हणून माझे सांगणे असे की, पाकीट वाचावयास शिकवावे. वर्गात एक जुने पाकीट फळ्यापाशी ठेवून चार प्रश्न विचारावेत : हे कोठून निघाले? केव्हा निघाले? मागील बाजूच्या शिक्क्यांवरून ते कोठकोठून गेले? पोचावयास किती दिवस लागले? नकाशावर मार्ग रेखाटला की भूगोल झाला, दिवस मोजले की गणित झाले, आणि तिकिटावर राजाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह कधी आले, असे एखाद्या मुलीने विचारले की इतिहासाचा पाठ आपोआप सुरू झाला.

हे काम तातडीचे आहे. आपल्या खेड्यांतील पेट्यांमध्ये फौजेत गेलेल्या, मुंबईच्या गिरण्यांत राबलेल्या, परदेशी बोटीवर चढलेल्या माणसांची पत्रे पडून आहेत. घरोघरी भ्रमणध्वनी आल्यापासून अशी पत्रे नव्याने येणे जवळजवळ थांबले आहे. २०२५ साली रजिस्टर टपालाची स्वतंत्र सेवाही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. जी पाकिटे आहेत, तेवढीच आता राहणार. त्यांना वाळवी, ओल आणि रद्दीवाला हे तीन शत्रू पुरेसे आहेत. शाळेतील कात्री चौथी होऊ नये.

जतन करण्याचे नियम साधे आहेत. पाकीट आहे तसे ठेवावे. त्यास डिंक किंवा चिकटपट्टी लावू नये, त्यावर शाईने काही लिहू नये. माहिती वेगळ्या चिठ्ठीवर लिहावी. पावसाळ्यात ते कोरड्या जागी ठेवावे आणि मधूनमधून उघडून पाहावे. आतील पत्र ही त्या घराची खाजगी ठेव आहे. ते मागू नये, वर्गात वाचू नये, आणि पाकीटही घरच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीनेच आणावे. पाकिटाची किंमत किती येईल, या चर्चेत मुलांना गुंतवू नये. दुर्मिळ पाकिटांच्या बाजारात बनावट शिक्क्यांचा सुळसुळाट असतो, हे मात्र त्यांना अवश्य सांगावे. पुराव्याची पारख करणे हेही शिक्षणच आहे.

यंदा प्रत्येक शाळेने गावातील निदान पाच जुनी पाकिटे शोधावीत, त्यांची नोंद एका वहीत करावी आणि ती पाकिटे ज्यांची त्यांस सुखरूप परत करावीत. यास खर्च नाही, साहित्य नाही. लागते ते केवळ अवधान. आपल्या गावाचे नाव एका जुन्या शिक्क्यावर मुलाने स्वतः वाचले, तर इतिहास केवळ दिल्लीत आणि रायगडावरच घडला नाही, हे त्यास निराळे शिकवावे लागणार नाही.