छप्पर दुरुस्तीची रजा

युद्धाचा सिनेमा म्हटलं की आपल्याला धडाधड गोळीबार आठवतो. आज सांगतेय तो १९५९ सालचा रशियन सिनेमा आहे, ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’. दिग्दर्शक ग्रिगोरी चुखराय स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले, पण लढाई त्यांनी सुरुवातीलाच उरकली.

एकोणीस वर्षांचा आल्योशा जर्मनांचे दोन रणगाडे निकामी करतो. पदक मिळणार, तर हा म्हणतो, त्यापेक्षा घरी जाऊ द्या, आईचं छप्पर गळतंय. सहा दिवसांची रजा मिळते. जायला दोन, यायला दोन, छपराला दोन.

वाटेत एक जवान भेटतो, पाय गमावलेला, बायकोला तोंड दाखवायला घाबरणारा. आल्योशा त्याच्यासाठी थांबतो. दुसऱ्या एकाने बायकोला द्यायला साबण दिलेला असतो. साबण! तेव्हा तोही मिळत नव्हता. ती मात्र दुसऱ्याबरोबर राहत असते. आल्योशा साबण परत घेतो आणि त्या जवानाच्या वडिलांना देतो. आपण लगेच तिला नावं ठेवू. पण तिचीही काही बाजू असेलच ना? ती ऐकायला तिथं कुणाला सवड नाही, हे मला खटकलं.

गावी पोचेपर्यंत रजा संपलेली. आई शेतातून धावत येते. मायलेकांना मिळतात काही मिनिटं. छप्पर तसंच राहतं. आणि तो परत येणार नाही, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं.

सिनेमा दीड तासाचा आहे. पुढच्या बैठकीनंतर गटात लावू. हप्त्यांचा हिशेब तेवढा आधी आटपा.