लॅपटॉप घ्यायचाय? आधी छापखान्यात जाऊन या



मागच्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. विषय एकच होता, गटासाठी लॅपटॉप. लेबलं, पिशव्यांवरची छपाई, हळदीकुंकवाच्या पत्रिका, सगळं गावातच करायचं असं ठरलं होतं. पण कोणता घ्यायचा यावर दोन तास गेले. एकीच्या भाच्यानं एक कंपनी सांगितली, दुसरीच्या जावयानं दुसरी. पुण्यात डिझाइन शिकणारी एकीची लेक फोनवर म्हणाली, "मावशी, मॅकबुकच घ्या, बाकी सगळं कचरा." मॅकबुक महाग जातं आणि गटाच्या खात्यात होते साठ हजार. तेही चौदा बायकांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून साठवलेले.

मी त्यांना आमच्या गटाची फजिती सांगितली, तीच तुम्हालाही सांगते.

परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं आणि हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेनं मिळून काढलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण तुम्हाला माहीत असेल. २०१८ साली आलेलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. त्या ज्वारीचा रवा करून आम्ही विकायला काढला. लेबल मी केलं, एका नातेवाइकाच्या लॅपटॉपवर, झकास दिसत होतं. पेनड्राइव्ह छापखान्यात दिला आणि घाईघाईत बसनं परत आले. आठ दिवसांनी हजार लेबलं हातात आली तर 'शक्ती' मोडलेली! 'क' खाली पाय मोडून एकीकडे, 'ती' दुसरीकडे. मी वापरलेला फॉन्ट छापखान्याच्या कॉम्प्युटरवर नव्हता, त्यानं दुसराच घातला. प्रूफ न बघता आले ती मीच, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. हजार लेबलं चुलीत गेली.

म्हणून मैत्रिणींनो, लॅपटॉपच्या दुकानात जायच्या आधी छापखान्यात जा. जिथं तुमचं काम छापलं जाणार त्या माणसाला विचारा, "दादा, तुम्हाला फाइल कशात लागते?" आपल्या भागातला फ्लेक्सवाला किंवा पत्रिकावाला बहुतेक वेळा सांगेल, कोरल ड्रॉ. आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी. ही श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची, डीटीपीवाल्यांच्या हातात वर्षानुवर्षं बसलेली. तिच्या जुन्या फॉन्टमध्ये एक मेख आहे. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळं अगम्य इंग्रजी दिसतं. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी मात्र मोबाइलवर, विंडोजवर, मॅकवर, सगळीकडे मराठीच राहतं. नवं काम युनिकोडमध्येच करा. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट मोफत मिळतात, धंद्यासाठीही वापरता येतात. आणि छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरांचं चित्र करून टाका. डीटीपीवाले त्याला 'कर्व्ह करणं' म्हणतात. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबलं की झालं. मग फॉन्ट असो-नसो, अक्षर मोडत नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, कारण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये पुढच्या खेपेला किंमत बदलता येत नाही.

आता विंडोज, मॅक की लिनक्स. कोरल ड्रॉ विंडोजवर चालतं, मॅकवरही चालतं, लिनक्सवर सरळ चालत नाही. पुण्याच्या त्या लेकीचं तिच्यापुरतं बरोबरच आहे. मॅकबुकचा पडदा चांगला, बॅटरी दिवसभर पुरते, आणि ती ज्यांच्यासोबत काम करणार ते सगळे मॅकवाले. आपली फाइल मात्र मोंढ्याजवळच्या छापखान्यात जाणार. शिवाय मॅकबुकची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि बिघडलं तर गावाजवळ हात लावणारा माणूस शोधावा लागतो. गटाच्या पैशात मी मॅकबुक घेणार नाही.

लिनक्स मोफत आहे, आणि ते हलकं समजू नका. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्यावर उबुंटू टाका आणि इंकस्केप शिका. इंकस्केपही मोफत, तिन्हींवर चालतं. शिवणकामाच्या गटांनी तर नक्की बघावं. त्याला इंक-स्टिच नावाची मोफत जोड मिळते, तिच्यातून कॉम्प्युटरच्या भरतकाम मशीनला लागणारी फाइल तयार होते. ब्लाउजच्या पाठीवरचा मोर आपण स्वतः काढायचा, मशीननं भरायचा. इंकस्केपची उणीव एवढीच की छपाईच्या चार शाईंचा हिशेब त्यात नीट बसत नाही. म्हणून रंगाचं प्रूफ कागदावरच बघा.

दुकानदार म्हणेल, "ताई, काळजी करू नका, कोरल-फोटोशॉप सगळं फुकट टाकून देतो." ते चोरीचं असतं. त्यासोबत व्हायरस येतो, आणि गटाचे बँकेचे व्यवहार त्याच लॅपटॉपवर होणार असतात. नको म्हणा.

सेकंडहँड घेणार असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. नुसतं 'आय फाइव्ह'चं स्टिकर बघून भुलू नका, पुढचा आकडा वाचा. ६२०० म्हणजे सहावी पिढी, ८२५० म्हणजे आठवी. स्वस्तात मिळणारे पुष्कळ लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे असतात.

नवा घेताना रॅम सोळा जीबी बघा. आठ असेल तर पुढे वाढवता येते का हे विचारून बिलावर लिहून घ्या. एसएसडी पाचशे बारा जीबी. पडदा फुल एचडी आणि आयपीएस. स्वस्त पडद्यावर हळदीचा पिवळा मळकट दिसतो, मग आपण तो वाढवत बसतो आणि छापून भगवा येतो. माहितीपत्रकात शंभर टक्के एसआरजीबी लिहिलं असेल तर उत्तम. पंचेचाळीस टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर रंगाच्या कामाला तो पडदा नको.

कंपनीचं नाव? डेल, एचपी, लेनोवो, आसुस, एसर, प्रत्येकाची चांगलीही मॉडेल आहेत आणि तकलादूही. मी तर एकच विचारते, "आमच्या पिनकोडला माणूस घरी येऊन दुरुस्त करतो का?" जो हो म्हणेल आणि लिहून देईल त्याचा घ्यायचा.

दुकानात जाताना चिठ्ठीवर पाच शब्द लिहून न्या: शक्ती, कुऱ्हाड, शुद्ध, लाल, शेंगदाणा. ते तिथंच टाइप करून बघा. 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आले पाहिजेत, पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य सरकारनंही २००९ साली तीच वळणं प्रमाण ठरवली आहेत. हिंदी वळणाचे आले तर फॉन्ट बदला, लॅपटॉप नव्हे.

बिल गटाच्या नावानं घ्या, ठरावात सिरियल नंबर लिहा. लॅपटॉप सचिवांच्या घरी राहिला तरी पासवर्ड दोघींना माहीत हवा, आणि फाइलींची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर वेगळ्या घरी.

सेलूच्या त्या गटानं अजून लॅपटॉप घेतलेला नाही. पण अध्यक्षबाईंचा परवा फोन आला होता. छापखान्यात जाऊन आल्या, पाच शब्दांची चिठ्ठी पर्समध्ये आहे, आणि आता मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत तो ठेवायचा कुठं यावर बैठक बोलावली आहे.