साथ, भीती आणि औषध



साथीच्या दिवसांत माणसे पारख न झालेली औषधे का घेतात, असा आजचा विषय आहे. अशा विषयावर बोलताना लोकांच्या अडाणीपणाला हसणे सोपे असते. आम्हांला तो अधिकार नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आमच्या घरी दोन्ही वेळा सुंठ-मिरीचा काढा उकळत होता आणि कपाटात आर्सेनिकम आल्बमच्या गोळ्यांची बाटली होती. आम्ही त्या गोळ्या घेतल्या, शेजाऱ्यांनाही आग्रहाने दिल्या. त्यांनी करोना टळतो हे कोणी पडताळले आहे काय, असे मात्र एकदाही विचारले नाही.

असे का व्हावे? पहिले कारण भीतीचे. नव्या रोगावर औषध नव्हते. डॉक्टर म्हणत, घरी थांबा, वाट पाहा. माणसाला वाट पाहण्याइतके कठीण दुसरे काही नाही. हातून काहीतरी घडले, की जीव थोडा निवांत होतो. काढ्याने रोग हटला नसेल, पण हतबलपणा हटला. आणि आम्ही त्यालाच गुण म्हणालो.

दुसरे कारण आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी ओळखले होते. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडली, तर कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. यालाच काकतालीय न्याय म्हणतात. करोना झालेल्यांपैकी बहुतेक लोक आपोआप बरे होत होते. मग ज्याने जे घेतले, त्याला त्याचे श्रेय मिळाले. बरा झालेला माणूस चार घरी जाऊन सांगतो. जो गेला तो साक्ष द्यायला येत नाही.

तिसरे कारण मोठ्यांच्या शब्दाचे. २३ मार्च २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृतिदलाने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषध प्रतिबंधक म्हणून सुचविले. पण ते रुग्णसेवकांसाठी आणि रुग्णाच्या घरच्या मंडळींसाठी. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी त्याची वाखाणणी केली. झाले! लोकांनी दुकाने रिकामी केली आणि ज्यांना ते संधिवातासाठी खरोखर लागते, त्यांची पंचाईत झाली. पुढे इंग्लंडात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी इस्पितळातल्या रुग्णांची वाटणी करून पारख झाली. औषध मिळालेले दीड हजारांवर होते. त्यांतले २७ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. न मिळालेले तीन हजारांवर. त्यांतले २५ टक्के. म्हणजे गुण शून्य.

ही तुलनेची रीत परकी नाही. १८९७ साली मुंबईत प्लेग असताना हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची त्यांनी तुलना केली. न टोचलेल्यांत आजारी अधिक, मृत्यूही अधिक. औषधाची परीक्षा ती ही. मात्र त्याच वर्षी पुण्यात सोजीर घराघरांत शिरत होते, म्हणून लोक आजारी माणसे लपवीत होते, हेही विसरू नये. जिथे विश्वास नाही, तिथे माणूस घरच्या बाटलीकडेच वळतो.

आता जे सांगायचे ते सांगणे जड जाते. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या थोरल्या बंधूंना ताप आला. त्यांना मधुमेह. इस्पितळात खाटा नव्हत्या, डॉक्टर फोनवर मिळेनात. कोणा दुसऱ्याच रुग्णाची औषधांची चिठ्ठी फोनवर फिरत आमच्यापर्यंत आली. आम्ही ती दुकानात दाखवून गोळ्या आणल्या. त्यांत स्टिरॉइड होते. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड तर सिद्ध झालेले औषध. पण त्याने प्राण वाचले ते प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे. ज्यांना तो लागत नव्हता, त्यांना लाभ दिसला नाही. बंधूंचा ताप दुसऱ्या दिवसाचा होता. साखर भडकली, पुढे काळ्या बुरशीने एक डोळा गेला. त्या गोळ्यांमुळेच तो गेला असे आम्ही शपथेवर म्हणणार नाही. तसे म्हणणे हाही काकतालीय न्यायच होईल. परंतु स्टिरॉइड आणि वाढलेली साखर या बुरशीला वाट करून देतात, हे वैद्यकाला ठाऊक होते. आम्हांला नव्हते, आणि गोळ्या आमच्या हातांनी दिल्या होत्या. बंधूंनी आजवर एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून तर तो अधिक बोचतो.

तेव्हा पुढची साथ आली, की तीन प्रश्न विचारू या. हे औषध किती जणांना दिले? ज्यांना दिले नाही, त्यांचे काय झाले? अपाय झालेल्यांची मोजदाद कोणी केली? आणि डॉक्टरमंडळींना एक विनंती. हे प्रश्न घेऊन कोणी दाराशी आला, तर त्याला अडाणी म्हणून परत पाठवू नका. तो तिथून निघाला, की सरळ फोनवरच्या चिठ्ठीकडे जातो. आम्ही तसेच गेलो होतो.